दोलामुद्रितांचे मालक कसे शोधावेत

पंधराव्या शतकात छापलेलं पुस्तक हातात आलं की मी ते शेवटच्या पानापासून बघायला घेतो. एक तर त्या काळी आजच्यासारखं शीर्षकाचं पान सहसा नसायचं. मुद्रकाचं नाव, गाव आणि साल मिळायचं ते अखेरच्या पुष्पिकेत, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी छापलेल्या टिपेत. दुसरं कारण म्हणजे फर्नांदो कोलोन. कोलंबसचा हा मुलगा (१४८८-१५३९) युरोपभर हिंडून पुस्तकं घ्यायचा आणि त्यांच्या शेवटी स्वतःच्या हाताने टिपून ठेवायचा, की हे पुस्तक अमुक गावी, अमुक साली, इतक्या नाण्यांना घेतलं आणि तिथल्या नाण्याचा सोन्याच्या डुकाटशी त्या वेळी हा भाव होता. त्याने सुमारे १५ हजार पुस्तकं जमवली. त्यातली जी उरली ती आज सेव्हिलच्या कॅथेड्रलजवळच्या ग्रंथालयात आहेत. माणूस, जागा, वेळ आणि किंमत, सगळं दोन-चार ओळींत.

असा मालक क्वचितच भेटतो. एरवी वाट्याला येतं ते अर्धवट खोडलेलं नाव, कुणाच्या घराण्याची ते न कळणारी चिन्हाची ढाल, झिजलेला शिक्का किंवा पेन्सिलीतला एखादा आकडा. या तुटपुंज्या खुणांवरून पाचशे वर्षांतल्या मालकांची साखळी कशी जोडायची, ते इथे क्रमाने सांगतो.

छपाईच्या सुरुवातीपासून ३१ डिसेंबर १५०० पर्यंत छापलेल्या पुस्तकांना आपण दोलामुद्रितं म्हणतो, म्हणजे छपाई पाळण्यात असतानाची पुस्तकं. त्यांच्या सुमारे ३० हजार आवृत्त्या माहीत आहेत आणि आज टिकून असलेल्या प्रती अंदाजे ५ लाखांच्या घरात आहेत. एका आवृत्तीच्या शंभर प्रतींत मजकूर एकच असतो, पण प्रत्येक प्रतीचा प्रवास वेगळा झालेला असतो. इथे आपल्याला तो प्रवास हवा आहे. हीच रीत सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पुस्तकांनाही लागू पडते, म्हणून काही उदाहरणं तिथलीही घेतली आहेत.

१. आधी प्रत पक्की करा

मोठं नाव दिसलं की त्याच्यामागे धावायचा मोह होतो. तो आवरा. आधी आवृत्ती ठरवा. त्यासाठी दोन आधार आहेत. ब्रिटिश लायब्ररीने १९८० मध्ये सुरू केलेला 'इनक्युनाब्युला शॉर्ट टायटल कॅटलॉग' आणि बर्लिनच्या राज्य ग्रंथालयाचा 'गेसाम्टकाटालोग डेर वीगेनड्रुके'. दोन्ही ऑनलाइन मोफत बघता येतात. त्यात प्रत्येक आवृत्तीला क्रमांक आहे आणि तिच्या प्रती कुठल्या ग्रंथालयांत आहेत याची यादीही आहे. दोन्ही क्रमांक टिपणाच्या माथ्यावर लिहा.

मग हीच प्रत इतरांपासून वेगळी कशी ओळखायची, ते लिहा. पानाची उंची आणि रुंदी मिलिमीटरमध्ये, गहाळ पानं, दुसऱ्या प्रतीतून आणून बसवलेली पानं, किडीची भोकं कुठून कुठपर्यंत जातात, डाग, फाटलेले कोपरे. हे काम रटाळ वाटतं, पण ते किती मोलाचं आहे ते एका चोरीने दाखवून दिलं. डरहॅम विद्यापीठातली 'फर्स्ट फोलिओ'ची, म्हणजे शेक्सपियरच्या नाटकांच्या १६२३ च्या संग्रहाची प्रत डिसेंबर १९९८ मध्ये चोरीला गेली. २००८ मध्ये एक माणूस एक प्रत घेऊन वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात आला. तिची बांधणी काढून टाकलेली होती आणि काही पानंही नव्हती. मालकाच्या ठळक खुणा गेल्या होत्या, तरी पानांची मापं आणि जुन्या वर्णनांत नोंदलेले बारकावे जुळले आणि ती डरहॅमचीच आहे हे ठरलं.

२. बाहेरून आत, एकाच क्रमाने

पाठ, पुढचा पुठ्ठा, मागचा पुठ्ठा, पानांच्या तिन्ही कडा, पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेला कागद, कोरी पानं, पहिलं छापील पान, मग प्रत्येक पान, शेवटी पुष्पिका. हा क्रम मी कधी मोडत नाही. मोडला की काहीतरी हमखास निसटतं. प्रत्येक खुणेचा फोटो घ्या, सोबत मोजपट्टी ठेवा आणि खूण नेमकी कुठे आहे ते लिहा. 'पहिल्या पानावर सही' एवढं पुरत नाही. 'दुसऱ्या पानाच्या मागच्या बाजूला, खालच्या समासात, तपकिरी शाईत' असं हवं.

साधनं साधीच आहेत. भिंग, मऊ पेन्सिल, मोजपट्टी आणि लहान टॉर्च. टॉर्चचा उजेड पानावर सरळ न टाकता बाजूने, जवळजवळ आडवा टाकला की दाबून उठवलेले ठसे आणि खरवडलेल्या जागा वर येतात. पानामागून उजेड धरला तर वर चिकटवलेल्या कागदाखालचं लिखाण दिसू शकतं. पाणी, खोडरबर किंवा कुठलंही रसायन पुस्तकाच्या जवळही आणू नका. बुकप्लेट, म्हणजे मालकाची ओळख सांगणारी आत चिकटवलेली चिठ्ठी, सोलून खाली काय आहे ते बघायचा प्रयत्न तर कधीच करू नका. ते काम संवर्धन-तज्ज्ञाचं आहे.

पानांच्या कडांकडे लोक कानाडोळा करतात. पूर्वी पुस्तकं पाठ आत आणि कडा बाहेर ठेवून मांडली जात, त्यामुळे कडेवर शाईने लिहिलेलं नाव किंवा आकडा सापडतो. हा आकडा एखाद्या संग्रहातल्या मांडणीचा असतो. त्याच हाताचा, त्याच धर्तीचा आकडा दुसऱ्या पुस्तकावर सापडला तर दोन्ही एकाच कपाटात होती, हे नाव नसतानाही कळतं. पुठ्ठ्याच्या कडेला गंजाचा डाग आणि खिळ्यांची भोकं असतील तर पुस्तक कधीकाळी साखळीने फळीला बांधलेलं होतं. म्हणजे ते एखाद्या मठाचं, कॉलेजचं किंवा चर्चचं असण्याची शक्यता मोठी.

३. हस्तलिखित नोंदी वाचणं

सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात. बहुतेक नोंदी लॅटिनमध्ये असतात, पण घाबरायचं कारण नाही. ठरावीक दहा-बारा शब्द पुन्हा पुन्हा येतात. 'एक्स लिब्रिस' म्हणजे अमक्याच्या पुस्तकांपैकी. 'इस्ते लिबेर पेर्तिनेत' म्हणजे हे पुस्तक अमक्याचं. 'एक्स दोनो' म्हणजे अमक्याने भेट दिलेलं, 'लेगाविट' म्हणजे मृत्युपत्राने ठेवलेलं, 'एम्प्तुस' म्हणजे विकत घेतलेलं, आणि त्याच्यापुढे पुष्कळदा किंमत असते.

'अद उसुम' हा शब्द जपून वाचा. त्याचा अर्थ 'अमक्याच्या वापरासाठी'. फ्रान्सिस्कनांसारख्या भिक्षू संघांतल्या साधूला स्वतःची मालमत्ता ठेवता येत नसे. पुस्तक मठाचं असायचं आणि त्या साधूला ते वापरायला दिलेलं असायचं. त्याचं नाव मालकाच्या रकान्यात टाकलं की मठ साखळीतून गळतो आणि पुढचा सगळा शोध भलतीकडे जातो.

जेझुइट या कॅथलिक संघाच्या कॉलेजांच्या नोंदीतही अशीच खोच आहे. 'कातालोगो इन्स्क्रिप्तुस' आणि पुढे साल, असं पहिल्या पानाच्या माथ्यावर वारंवार दिसतं. ते साल पुस्तक कॉलेजच्या यादीत चढवल्याचं आहे. ते कॉलेजकडे आलं त्या आधी, कधी कधी बऱ्याच आधी. म्हणून 'त्या सालापर्यंत कॉलेजकडे होतं' असं लिहा. 'त्या साली घेतलं' असं लिहू नका.

काही जणांच्या नावापुढे 'आणि त्याच्या मित्रांचं' असे शब्द असतात. फ्रेंच संग्राहक जाँ ग्रोलिए आपल्या बांधण्यांवर हे सोन्यात ठसवून घ्यायचा. जर्मन चित्रकार ड्यूररने विद्वान पिर्कहायमरसाठी काढलेल्या बुकप्लेटवरही 'स्वतःसाठी आणि मित्रांसाठी' असंच आहे. यातून सामाईक मालकी काढू नका. पुस्तकं मित्रांना खुली ठेवायची, हा त्या काळच्या विद्वानांचा बाणा होता.

गावांची लॅटिन नावं हा दुसरा सापळा. मोनाकियुम म्हणजे म्युनिक, मोगुन्तिया म्हणजे माइन्त्स, रातिस्बोना म्हणजे रेगेन्सबुर्ग, अर्जेन्तोरातुम म्हणजे स्ट्रासबुर्ग. लुग्दुनुम म्हणजे लिआँ, पण त्याच्यापुढे 'बातावोरुम' लागलं की ते हॉलंडमधलं लायडन होतं. एक शब्द वाचायचा राहिला तर पुस्तक भलत्याच देशात जाऊन पडतं.

तारखांचंही तसंच. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. त्या हिशेबाने लिहिलेली १० फेब्रुवारी १६४८ ही तारीख आपल्या हिशेबाने १६४९ मधली आहे. कॅथलिक देशांपैकी बऱ्याच जणांनी १५८२ मध्येच नवं कॅलेंडर घेतलं होतं. नोंद जशी आहे तशी उतरवा आणि बदललेलं साल शेजारी वेगळं लिहा.

अक्षर लागत नसेल तर त्याच हाताने लिहिलेली सगळी अक्षरं एका कागदावर काढून त्या लेखकाची बाराखडी तयार करा. जे नाव वाचता येत नाही त्यातली अक्षरं समासातल्या वाचता येणाऱ्या टिपांमध्ये सापडतात. न लागलेल्या अक्षराच्या जागी टिंब द्या. अंदाजाने भरलेलं अक्षर पुढच्या माणसाला खरंच वाटतं.

मालकाच्या नोंदीवरून आवृत्तीचा काळही ठरू शकतो. गुटेनबर्गच्या बायबलवर साल छापलेलं नाही. पण पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या एका प्रतीत माइन्त्सच्या सेंट स्टीफन चर्चमधल्या हाइनरिक क्रेमरने लिहून ठेवलं, की लाल अक्षरं भरणं आणि बांधणी ऑगस्ट १४५६ मध्ये पूर्ण झाली. म्हणजे छपाई त्याच्या आधीच उरकलेली होती.

४. बुकप्लेट, ढाली, शिक्के

छापील बुकप्लेटची सगळ्यात जुनी उदाहरणं जर्मनीतली, पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली आहेत. बिबेराखच्या हिल्डेब्रांड ब्रांडेनबुर्गने १४८० च्या सुमारास बुक्सहाइमच्या कार्थुसियन मठाला पुस्तकं दिली. त्यांत चिकटवलेल्या प्लेटवर ढाल धरलेला देवदूत आहे आणि ढालीवर बैल आहे. हा मठसंग्रह १८८३ मध्ये म्युनिकला लिलावात फुटला. तो बैल दिसला की साखळीच्या तीन कड्या एकदम हाती लागतात: दाता, मठ आणि लिलाव.

ढाल ओळखताना रेषांकडे बघा. सिल्व्हेस्टर पेट्रा सँक्टाच्या १६३८ च्या ग्रंथाने रूढ केलेल्या पद्धतीत उभ्या रेषा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, टिंबं म्हणजे सोनेरी आणि कोरी जागा म्हणजे रुपेरी. त्यामुळे एकरंगी छापातही रंग कळतात, आणि सारखंच चिन्ह असलेली दोन घराणी वेगळी करता येतात. अशा रेषा असलेली प्लेट सहसा सतराव्या शतकाच्या मध्यानंतरची असते. ढालीच्या वरच्या बाजूला रुंद काठाची टोपी आणि दोन्ही बाजूंना गोंडे असतील तर मालक चर्चमधला अधिकारी.

बुकप्लेट एका पुस्तकातून काढून दुसऱ्यात लावता येते, हे विसरू नका. जुन्या प्लेटची सावली समोरच्या पानावर पिवळट डागाने उमटते. डाग आणि प्लेट यांचा आकार जुळत नसेल तर शंका घ्या.

ग्रंथालयाच्या शिक्क्याशेजारी 'दुप्लुम' किंवा 'डुप्लिकेट' असा शब्द असेल तर हायसं वाटायला हरकत नाही. ग्रंथालयाने जादा प्रत म्हणून ती स्वतःच विकली, असं त्यातून दिसतं. ब्रिटिश म्युझियमने १७८७ मध्ये विकलेल्या प्रतींवर तर विक्रीचं सालच शिक्क्यात आहे. 'डुप्लिकेट' नसलेला शिक्का मात्र प्रश्न उभा करतो. ते पुस्तक ग्रंथालयातून बाहेर कसं पडलं?

५. बांधणी काय सांगते

जुन्या बांधणीच्या कातड्यावर उठवलेली फुलं, प्राणी आणि पट्ट्या ठराविक कारागिरांच्या ठशांच्या असतात. जर्मन भाषिक प्रदेशातले असे ठसे 'आइनबांडडाटेनबांक' या डेटाबेसमध्ये जमवलेले आहेत. ठशावर कागद ठेवून पेन्सिलीने हलकं घासून उतरवायची पद्धत होती. आता आडव्या उजेडातला फोटो जास्त सुरक्षित.

पुठ्ठ्याच्या आत एखाद्या जुन्या हस्तलिखिताचा चर्मपत्राचा तुकडा चिकटवलेला असेल तर तो बांधणाऱ्याच्या रद्दीतून आलेला असतो. त्यावरून कारागिराच्या गावाचा अंदाज येतो. पुस्तकाच्या मालकाशी त्याचा संबंध लावू नका.

एकोणिसाव्या शतकातल्या श्रीमंत संग्राहकांनी जुन्या बांधण्या फेकून चकचकीत मोरोक्को कातडं चढवलं, पानं धुऊन घेतली, कडा कापून सोनेरी केल्या. त्यात समासातल्या टिपांची अर्धी अक्षरं गेली. याच काळात एकत्र बांधलेली चार-पाच पुस्तकं फोडून वेगवेगळी विकली गेली. मालक नाव लिहायचा ते फक्त पहिल्या पुस्तकावर, म्हणून बाकीची आज निनावी दिसतात. पहिल्या पानावर '३' किंवा '४' असा सुटा जुना आकडा असेल आणि किडीची भोकं पहिल्याच पानापासून तयार, खोल असतील, तर हे पुस्तक अशा गठ्ठ्यातलं असू शकतं. त्याच्या सोबत्यांचा शोध घ्या. नाव त्यांच्यातल्या एकावर असेल.

६. खोडलेलं नाव

मला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो इथे, आणि तो वेळ कधी वाया गेला असं वाटलेलं नाही. नाव खोडणाऱ्याकडे काहीतरी कारण असतं. नव्या मालकाला जुनं नाव नको होतं, किंवा विकणाऱ्याला ते लपवायचं होतं.

लोहयुक्त शाई पाण्याने धुतली तरी कागदात तिचा अंश राहतो. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली ती जागा गडद दिसते आणि कित्येकदा अख्खं नाव वाचता येतं. डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावा आणि उजेड मोजकाच वेळ टाका.

इंग्लंडचा गणिती जॉन डी १५८३ मध्ये मोर्टलेकचं घर आणि मोठा ग्रंथसंग्रह मागे ठेवून युरोपात गेला. मागे पुस्तकं लुटली गेली. त्यातली पुष्कळशी निकोलस साँडर नावाच्या माणसाकडे पोहोचली आणि त्याने डीच्या सहीवर आपलं नाव गिरवलं, कुठे जुनं नाव पुसायचा प्रयत्न केला. ती पुस्तकं पुढे मार्क्विस ऑफ डॉर्चेस्टरच्या संग्रहातून लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सकडे आली. आज तिथे डीची शंभराहून अधिक पुस्तकं ओळखलेली आहेत, आणि साँडरच्या अक्षरांखालून डीचं नाव अजूनही डोकावतं.

उलट प्रकारही ध्यानात असू द्या. १७९० च्या दशकात विल्यम हेन्री आयर्लंडने जुन्या पुस्तकांत शेक्सपियरची सही आणि टिपा स्वतः लिहून ठेवल्या. फार प्रसिद्ध नाव, फार सोयीच्या जागी, आणि मधल्या मालकांपैकी कुणीच त्याचा उल्लेख केलेला नाही, असं दिसलं की थांबा.

७. विक्रेत्यांची पेन्सिल

मागच्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यातल्या बारीक पेन्सिल-खुणा पुसू नका, कुणाला पुसूही देऊ नका. त्यांत लॉट क्रमांक (लिलावाच्या यादीतला पुस्तकाचा क्रमांक), सांकेतिक अक्षरांतली खरेदी-किंमत आणि पानं तपासल्याची नोंद असते. दहा वेगळ्या अक्षरांचा एक शब्द घेऊन प्रत्येक अक्षराला एक अंक द्यायचा, ही विक्रेत्यांची जुनी युक्ती. एकाच हाताची दोन-चार पुस्तकं मिळाली तर हा शब्द सुटू शकतो.

लॉट क्रमांक मिळाला की लिलावाचे कॅटलॉग उघडा. छापील कॅटलॉगसह पुस्तकांचे लिलाव हॉलंडमध्ये १५९९ पासून आणि इंग्लंडमध्ये १६७६ पासून होत आले आहेत. पुष्कळसे कॅटलॉग आता स्कॅन झालेले आहेत. ज्या प्रतीत कुणी खरेदीदारांची नावं आणि भाव हाताने लिहिले आहेत, ती प्रत शोधा. पुढचा मालक तिथे सापडतो.

८. मधल्या पोकळ्या

साखळीत कुठे खंड पडला, ते सालांशी ताडून बघा. इंग्लंडमधले मठ १५३६ ते १५४१ दरम्यान बंद झाले. जेझुइट संघ १७७३ मध्ये विसर्जित झाला. फ्रान्समध्ये १७८९ च्या अखेरीस चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेली. जर्मन प्रदेशात १८०३ मध्ये मठांची मालमत्ता राज्यांकडे आली आणि बव्हेरियातली पुस्तकं गाड्या भरभरून म्युनिकला गेली. मठाच्या नोंदीनंतर एकदम एकोणिसाव्या शतकातल्या खाजगी संग्राहकाचं नाव येत असेल तर मधला खंड बहुधा अशाच एका सालावर बसतो.

१९३३ ते १९४५ मधला खंड मात्र कधीच सोडून देऊ नका. नाझी राजवटीत ज्यूंची घरं, धार्मिक शाळा आणि ग्रंथालयं लुटली गेली. नाझींनी लुटलेल्या वस्तू परत करण्याबद्दलच्या १९९८ च्या वॉशिंग्टन तत्त्वांनंतर अनेक जर्मन आणि ऑस्ट्रियन ग्रंथालयं आपल्या कपाटांतली अशी पुस्तकं शोधून वारसांना परत करत आहेत. या काळातलं खोडलेलं नाव एखाद्या कुटुंबाचं शेवटचं उरलेलं चिन्ह असू शकतं. ते सापडलं तर संबंधित ग्रंथालयाला कळवा.

अलीकडच्या चोऱ्याही आहेत. कोलंबसच्या १४९३ च्या छापील पत्राच्या काही प्रती युरोपातल्या ग्रंथालयांतून नाहीशा झाल्या होत्या. बार्सिलोनाच्या कातालोनिया ग्रंथालयातली प्रत २०१८ मध्ये परत मिळाली. तिच्यावर ग्रंथालयाचे शिक्के जिथे होते तिथला कागद रसायनाने विरंजित केल्याचं तपासणीत दिसलं. शिक्क्याच्या आकाराचा फिकट गोल किंवा पातळ झालेला कागद दिसला, तर खरेदी तिथेच थांबवा.

९. साखळी लिहिणं आणि उघड्यावर ठेवणं

प्रत्येक मालकासाठी वेगळा परिच्छेद करा: नाव, जागा, काळ, पुरावा काय आणि तो पुस्तकात कुठे आहे. प्रत्येकापुढे 'खात्रीशीर', 'बहुधा' किंवा 'शक्य' यांपैकी एक शब्द लिहा. समजा, एका प्रतीत जेझुइट कॉलेजची १६१२ ची यादी-नोंद आहे, राज्य ग्रंथालयाचा 'दुप्लुम' शिक्का आहे आणि मागे एक लॉट क्रमांक आहे. 'कॉलेज, १६१२ पर्यंत, खात्रीशीर. राज्य ग्रंथालय, १७७३ नंतर, काळ बहुधा. लिलाव, साल अज्ञात' इतकंच लिहा. मधे कुणाकडे होतं हे कळत नसेल तर रेघ मारून जागा कोरी सोडा.

मग नावं ताडून बघा. 'सेर्ल' या युरोपीय संशोधन-ग्रंथालयांच्या संघाचा 'मटेरियल एव्हिडन्स इन इनक्युनाब्युला' हा डेटाबेस २००९ पासून चालू आहे. दोलामुद्रितांच्या एकेका प्रतीवरच्या खुणा त्यात मालक, जागा आणि काळ यांच्यानुसार नोंदवलेल्या आहेत. त्याच संघाच्या 'थिसॉरस'मध्ये माणसांच्या आणि गावांच्या नावांची वेगवेगळी रूपं एकत्र मिळतात. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाच्या २००५ च्या दोलामुद्रित-कॅटलॉगमधली मालकांची सूचीही फार उपयोगाची आहे. सतराव्या शतकातल्या इंग्लिश मालकांसाठी 'बुक ओनर्स ऑनलाइन' बघा.

न ओळखता आलेल्या हस्ताक्षराचे फोटोही प्रसिद्ध करा. फिलाडेल्फियाच्या फ्री लायब्ररीत १९४४ पासून 'फर्स्ट फोलिओ'ची एक प्रत होती, सतराव्या शतकातल्या निनावी टिपांनी भरलेली. क्लेअर बोर्न यांनी त्या टिपांचा बारकाईने अभ्यास करून तो पानांच्या फोटोंसह छापला. लेखकाचं नाव त्यांनी सांगितलं नव्हतं. तो लेख वाचताना जेसन स्कॉट-वॉरन यांना अक्षराचं वळण ओळखीचं वाटलं. २०१९ मध्ये त्यांनी ताडून बघितलं आणि मांडलं, की हे अक्षर इंग्लिश कवी जॉन मिल्टनचं आहे.